उचल, गुडघा, झटका

३ मार्च, सोमवार. जेवणाची सुट्टी

ही वही माझी. कंपनीचं जुनं रजिस्टर आहे, अर्धं कोरं. रद्दीत चाललं होतं, मी उचललं. रकाने छापलेलेच आहेत: तारीख, वेळ, दोष, शेरा. दोष बाकीच्यांचे लिहीन. शेरा माझा.

कारण असं. आज साहेबांनी आम्हा तिघींना बोलावलं. पुढच्या महिन्यात कॅमेरा येतोय. भरलेल्या बाटल्या तो तपासणार. म्हणजे एकोणीस वर्षं जे मी करते ते आता एक डबडं करणार. करू दे. पण त्या डबड्यावर नजर ठेवायला एक बाई लागणार, आणि ती काचेच्या केबिनमध्ये बसणार. पाठीची खुर्ची. खिडकीपाशी. बाकीच्या दोघी धुलाईला.

धुलाई म्हणजे गमबूट, ओली फरशी, आठ तास उभं. माझे गुडघे आधीच बोलतात. धुलाईत ते ओरडतील.

खुर्ची कुणाला, ते परीक्षा घेऊन ठरणार. त्यासाठी कॉलेजातून एक पोरगी आली आहे, मनाचा अभ्यास करणारी. गळ्यात स्टॉपवॉच. साहेब तिला मॅडम म्हणतात. मी मनवाली म्हणते. ती म्हणाली, रोज लिहून काढा की लक्ष कुठे जातं, कुणाला दाखवू नका, तुमचं तुम्हाला कळेल. मी चौथीपर्यंत शिकले, पण माझं लक्ष कुठे जातं हे मला लिहून काढायची गरज नाही. बाटलीवर जातं. तरी लिहिते. नंतर कुणी म्हणायला नको.

निश्चय: खुर्ची माझी.
दोष: काही नाही.


४ मार्च, मंगळवार. पाच मिनिटांची सुट्टी

आमची खोली काळ्या पडद्यांची. तीन खोपटी. प्रत्येकीत एक स्टूल, समोर पट्टा, पट्ट्यामागे पांढरा दिवा. पोटदुखीचं औषध असतं, पाण्यासारखं स्वच्छ. मिनिटाला चाळीस बाटल्या समोरून जातात. केस, काळा ठिपका, तडा, वाकडं बूच, काहीही दिसलं की घंटी दाबायची आणि बाटली काढायची. वीस मिनिटं बघायचं, पाच मिनिटं डोळे मिटायचे. पट्टा कुणासाठी थांबत नाही. एकदा मला शिंक आली, तेवढ्यात दोन बाटल्या गेल्या. पळत जाऊन पुढून काढून आणल्या. दोन्ही चांगल्या निघाल्या. पण म्हणून सोडायच्या का.

या खोलीत दिवस आहे का संध्याकाळ, पाऊस आहे का ऊन, काही कळत नाही. बाहेर आलं की डोळ्यांपुढे पांढरं नाचतं. एकोणीस वर्षं हेच. मला इथे घार म्हणतात.

मनवाली म्हणाली, लक्ष हे टॉर्चसारखं असतं, जिथे उजेड पडतो तेवढंच दिसतं, आणि अर्ध्या तासात सगळ्यांचंच ढिलं पडतं. मी म्हटलं माझं नाही पडत. ती म्हणाली, हे तपासून सिद्ध झालेलं आहे. मी म्हटलं, ज्यांचं पडतं त्यांना तपासलं असेल.

तिने लिहून घेतलं. एवढं काय लिहिते देव जाणे.


५ मार्च, बुधवार. सकाळी ५.४०

आज पुन्हा मोरीच्या दाराने सात मिनिटं खाल्ली.

अकरा वर्षांपूर्वी दार खाली बसलं. तेव्हापासून आतून कडी लावली की ती सरळ निघत नाही. त्याची रीत आहे. डाव्या हाताने दार वर उचलायचं, उजवा गुडघा खाली फळीवर हाणायचा, आणि कडीला तीन झटके. तिसऱ्याला निघते. उचल, गुडघा, झटका. ही रीत माझी मी शोधून काढली. घरात बाकी कुणाला नीट येत नाही. लेक कडी लावतच नाही, आत गाणं म्हणत बसते. नणंद एकदा दीड तास अडकली होती, त्यानंतर आली नाही. दाराचा तेवढा एक उपयोग.

नवरा गॅरेजमध्ये कामाला आहे. जगाच्या गाड्या दुरुस्त करतो. दाराचं काढलं की म्हणतो, येत्या रविवारी. अकरा वर्षांत रविवार किती झाले ते मी मोजत नाही.

दोष: नवरा.
शेरा: मुळात माणूस वाईट नाही.


६ मार्च, गुरुवार. संध्याकाळी

आज पहिली चाचणी. कानाला हेडफोन. उजव्या कानात एक बाई काहीबाही वाचत होती, डाव्या कानात दुसरी. उजवीकडचं ऐकायचं आणि मागोमाग मोठ्याने म्हणायचं. डावीकडे लक्ष द्यायचं नाही.

शेजारी चष्मेवाली बसली होती. आमच्यातलीच, बाजूच्या खोपटीतली. बाटलीच्या बुडासारखा चष्मा, चालायला हळू, बोलायला त्याहून हळू. पट्ट्यावरच्या बाटलीशी बोलते. ये बाई, वळ बाई, दाखव बाई. मला वाटतं तिला डोळ्यांपेक्षा दुसऱ्या डॉक्टरची गरज आहे. दोन मिनिटं झाली नाहीत तोच तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. टिकली नाही बिचारी.

मी चालूच. नदी, पूल, गवत, गाढव, जे येईल ते. घसा सुकला तरी सोडलं नाही. नऊ मिनिटांनी मनवालीने हळूच माझ्या कानावरून हेडफोन काढले. म्हणाली, डाव्या कानात दुसऱ्याच मिनिटाला सांगितलं होतं की चाचणी संपली, हेडफोन काढा. मग सात मिनिटं तेच सांगत होते.

मी म्हटलं, तुम्हीच सांगितलंत डावीकडे लक्ष देऊ नका. मी शब्दाची पक्की आहे.

तिने वही ओढली. भरपूर लिहिलं. म्हणजे चांगलंच असणार.

रात्री लेकीला सांगितलं तर हसून हसून पोट धरलं. मग म्हणाली, आई, बाबा पण तुझ्या डाव्या कानाशीच बोलतात वाटतं. या पोरीला शिकवून चूक केली.


८ मार्च, शनिवार. दुपारी

आजची चाचणी डोक्याची होती. तीन बाटल्या, पिंप भरून पाणी. या तीन मापांनी अमुक इतकंच पाणी मोजून द्या. बाटल्यांत आयुष्य गेलं माझं. मनातल्या मनात हसले.

पहिलं गणित. मधली १५ ची, मोठी ९०, लहान १०. हवं ५५. जरा घाम फुटला, पण सापडलं. मोठी भरायची, त्यातून मधली एकदा भरून ओतून टाकायची, मग लहान दोनदा. उरलं ते ५५. पुढची चार गणितंही तशीच सुटली. मोठी, मधली एकदा, लहान दोनदा. एकदा किल्ली सापडली की कुलूप आपलंच. मनवालीचं वाक्य संपायच्या आत मी मोठी भरायला घेत होते.

सहावं गणित. मधली ३०, मोठी ६४, लहान ४. हवं २६. मी मोठी भरली, मधली ओतली, लहान दोनदा. बरोबर २६. फरशीवर पाणीच पाणी.

चष्मेवालीने मधली भरली, त्यातून लहान एकदा काढली, आणि हात पुसत बसली.

मी सांगितलं ही फसवाफसवी आहे. पाच वेळा जे चाललं ते सहाव्या वेळी सोडून भलतंच करायचं म्हणजे काय. मनवाली म्हणाली, मावशी, उत्तर दोघींचं बरोबर आहे. ती फक्त जवळच्या वाटेने गेली. मी म्हटलं, जवळच्या वाटेने गेलेली माणसंच चुकतात.

शेरा: आघाडी माझी. पाणीही तिच्यापेक्षा जास्त मोजलं.


११ मार्च, मंगळवार. पाच मिनिटांची सुट्टी

तिसरी होती ना, बडबडी, तिने नाव मागे घेतलं. धुलाईत तिची जाऊ आहे, दोघींना बोलायला मिळेल म्हणे. आता मी आणि चष्मेवाली. म्हणजे मीच.

मुख्य परीक्षा २१ तारखेला, पट्ट्यावर. चांगल्या बाटल्यांत मनवाली मुद्दाम बिघडवलेल्या बाटल्या सोडणार. कोण किती पकडतं ते बघायचं. त्याआधी दोनदा सराव. आज पहिला झाला. मी बारातल्या आठ पकडल्या. चष्मेवालीने नऊ. आज माझी झोप झाली नव्हती. नवरा घोरत होता.

निश्चय: उद्यापासून नऊला झोपणे. नवऱ्याला कुशीवर वळवणे.


१३ मार्च, गुरुवार. जेवणाची सुट्टी

सापडलं.

परवा पकडलेल्या खोट्या बाटल्या टेबलावर रांगेत ठेवल्या होत्या. जाता जाता बघितलं. दोषाकडे नाही. दोष काय, जो तो बघतो. मी बघितलं पाण्याकडे. सगळ्या खोट्या बाटल्यांत औषध गळ्याशी अंगठ्याच्या नखाएवढं जास्त. कारण त्या मनवालीने नरसाळ्याने हाताने भरल्यात, मशीनने नाही. मशीन कसं, सगळ्यांना सारखं भरतं.

म्हणजे केस शोधत बसायचं कारणच नाही. पातळी बघायची. वर दिसली की घंटी.

एकोणीस वर्षांत हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मनवालीच्याही नाही, आणि ती मनाची शिकलेली.

आज साहेबांच्या कोटाचं दुसरं बटण नाही. मोठं हिरवं असतं ते. गेल्या आठवड्यापर्यंत होतं. मी तोंडावर सांगितलं, साहेब, बटण तुटलंय. ते कसनुसं हसले, हात छातीवर ठेवला. साहेब झाले तरी बटण सांभाळता येत नाही. हे बाकी कुणाला दिसलं नव्हतं. मला दिसलं. घार उगीच नाही म्हणत.


१४ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी

दुसरा सराव. बारापैकी बारा. चष्मेवाली नऊवरच.

मनवालीने पुन्हा मोजलं. मग माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, कसं केलंत? मी म्हटलं, डोळ्यांत तेल घालून. साहेबांनी टाळी वाजवली, एकच, पण वाजवली.

घरी सांगितलं. नवरा म्हणाला, वा. त्याचं वा म्हणजे दुसऱ्याचं अर्धं भाषण. मग म्हणाला, मग आता त्या दाराचं पण. मी म्हटलं, माझ्यापुढे आत्ता दुसरा विषय काढायचा नाही, लक्ष फुटतं.

लेक म्हणाली, आई, मॅडमनी बाटल्या भरायची पद्धत बदलली तर? मी म्हटलं, आमची कंपनी एकोणीस वर्षांत साबण बदलत नाही. म्हणाली, मॅडम कंपनीच्या नाहीत. या पोरीला उत्तर द्यायची सवय लागलीय.


१९ मार्च, बुधवार. सकाळी

खुर्चीसाठी उशी शिवली. ती खुर्ची मी बघून आले, पाठ चांगली आहे पण बैठक कडक. जुन्या गादीतला कापूस, वर निळं जाड कापड, चारी बाजूंनी दुहेरी शिवण. चौकोनी, बरोबर मापाची. माप घ्यायला चिंधी घेऊन गेले होते. सफाईवाली म्हणाली, मावशी, अजून निकाल कुठे लागलाय? मी म्हटलं, उशी शिवायला वेळ लागतो.

काल केबिनमध्ये तिला सांगून पाच मिनिटं बसले. खिडकीतून मागचं अंगण दिसतं. रिकामे पिंप, सायकली लावायची जागा, एक झाड. कुठलं झाड ते माहीत नाही. झाडाखाली एक कुत्रं झोपलं होतं. त्याच्या अंगावर ऊन होतं. दुपारचे अडीच वाजले होते आणि अडीचसारखं दिसत होतं.

बस. एवढंच हवंय मला. धुलाईला खिडकी नाही. मी विचारून घेतलं.


२१ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी

झाली परीक्षा. तीन तास.

पातळीवरून नजर हलवली नाही. मान अवघडली, पाणी प्यायले नाही. तीन तासांत एकच बाटली वर भरलेली आली. झटकन घंटी. मनवालीने आज खोट्या बाटल्या फारच कमी सोडल्या. माझे बारा बघून घाबरली असेल.

शेजारच्या खोपटीत चष्मेवालीची घंटी सारखी वाजत होती. ये बाई, वळ बाई, टिंग. ये बाई, टिंग. चांगल्या बाटल्याही काढून ठेवत असणार, जीव गोंधळला की माणूस असं करतं. मला वाईट वाटलं. खुर्ची मिळाली की तिला अधूनमधून केबिनमध्ये चहाला बोलवीन.

दोष: काही नाही.
शेरा: सोमवारी निकाल. उशी पिशवीत भरून ठेवली.


२४ मार्च, सोमवार. ४.१५, सायकली लावायच्या जागेत

चष्मेवाली एकोणतीस. तीसपैकी.

मी शून्य. जी एक पकडली ती चांगली होती. मशीनने जरा जास्त भरली होती.

मनवालीने या वेळी सगळ्या बाटल्या मशीनवरच भरल्या होत्या. मी विचारलं, मुद्दाम का? म्हणाली, मुद्दाम नाही, सरावाला वेळ नव्हता म्हणून हाताने भरल्या होत्या. म्हणजे माझ्यासाठी कुणी सापळासुद्धा लावला नव्हता.

मग तिने एक बाटली टेबलावर ठेवली. आत हिरवं बटण. कोटाचं, मोठं, चार भोकांचं. बाटलीच्या बुडाशी असं पडलेलं की आंधळ्याला दिसेल. ती बाटली माझ्यासमोरून तीन वेळा सोडली होती.

मी म्हटलं, ही माझ्यासमोर आलीच नाही.

ती म्हणाली, "मावशी, तुमचे डोळे तिच्यावरून गेलेत, आमच्या छोट्या कॅमेऱ्यात दिसतंय. पण तुम्ही वर बघत होतात, पातळीकडे. जे शोधत नसतो ते समोर असूनही दिसत नाही. सगळ्यांचंच होतं हे."

"चष्मेवालीला दिसलं?"

"पहिल्याच फेरीला. हसली ती. म्हणाली, साहेबांचं बटण."

साहेब मागे उभे होते. म्हणाले, "माझंच आहे. मॅडमनी मागून घेतलं होतं. मावशी, मला वाटत होतं तुम्हालाच मिळेल." आणि तुटलेल्या जागेवर पुन्हा हात ठेवला.

एक तारखेपासून धुलाई. गमबुटाचं माप विचारलं. सांगितलं.

ते झाड इथून जवळच आहे. कुत्रं नाही आज.


त्याच दिवशी. ५.५० संध्याकाळी

घरी आले. कुणाशी बोलले नाही. पिशवीसकट मोरीत आले आणि कडी घातली. रडायला नाही. तोंड धुवायला. नळ सोडलाय.

६.०५

कडी निघत नाही. उचल, गुडघा, झटका. तीन झटके झाले. चौथा, पाचवा. आजच हिला दुखणं आलं.

६.१५

दार आणखी जोरात उचललं. खांदा लावून उचललं. कडी आणखी घट्ट बसली. लेक बाहेरून काहीतरी ओरडतेय. नळाच्या आवाजात कळत नाही. नळ बंद केला तर रडत होते हे कळेल. म्हणजे तोंड धूत होते हे.

६.२५

लेक म्हणते, आई, काही करू नकोस. एवढं ऐकू आलं. काही न करता कधी दार उघडतं का. अकरा वर्षं हे दार मी उघडतेय, कालची पोर मला शिकवते. मी सांगितलं, तू बाजूला हो, मला लक्ष लागतंय.

६.३५

गुडघा सुजला. धुलाईच्या आधीच धुलाई. पेन्सिल पिशवीत होती, रजिस्टर पिशवीत होतं, उशीपण पिशवीत. उलट्या बादलीवर उशी टाकून बसलेय. बैठक छान झाली आहे. मऊ आहे, दबत नाही.

इथे खिडकी नाही. दिवा पांढरा आहे.

एकोणीस वर्षांत किती बाटल्यांवरून माझे डोळे नुसते गेले असतील, हा विचार आला. लगेच घालवला.

६.४५

आता अंगात त्राण नाही. बादलीवर बसल्या बसल्या नुसता कडीवर हात टेकला, उठायला आधार म्हणून. कडी सरकली. एका बोटाने. लोण्यासारखी.

दार उघडलं तर समोर नवरा. हातात स्क्रू ड्रायव्हर, तोंडभर आनंद. म्हणाला, "कसं वाटलं?"

दुपारी अर्धी रजा टाकून आला होता. बिजागऱ्या बदलल्या, दार वर घेतलं, कडी सरळ केली. आता उचलायचं नाही, उचललं की अडकतं. लेक तासभर हेच ओरडत होती. मी विचारलं, आजच का सुचलं, अकरा वर्षांत नाही ते. म्हणाला, "खुर्चीवाल्या बाईला असलं दार बरं दिसत नाही म्हणून."

मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. चहा टाकायला गेला.


२५ मार्च, मंगळवार. संध्याकाळी

निश्चय १: दार उचलायचं नाही.
निश्चय २: चष्मेवालीशी नीट बोलायचं.
निश्चय ३: मनवालीला दोन शब्द सुनवायचे.

पहिला सकाळीच मोडला. झोपेत होते, तो धरायचा नाही.

तिसराही राहिला. मनवाली सामान भरत होती. माझ्याजवळ येऊन बसली, म्हणाली, मावशी, हुशार माणसांचंच असं होतं, एक रीत सापडली की ते तिथेच अडकतात. मला बरं वाटायला म्हणाली असेल. पण हुशार म्हणाली हे खरं. शेरा म्हणून लिहून ठेवते.

उशी माळ्यावर टाकली.


२ एप्रिल, बुधवार. धुलाईत, सुट्टी

बडबडी आणि तिची जाऊ दोन्ही बाजूंना. एक उजव्या कानात, एक डाव्या. कुणाचंच ऐकत नाही.

चष्मेवाली येऊन गेली. खुर्ची कडक आहे म्हणाली. माझ्याकडे उशी आहे, हे ओठांवर आलं होतं. आलं तसं गिळलं. मग विचारलं, तुला सगळं दिसतं कसं गं? ती म्हणाली, मला काही दिसत नाही हे मला माहीत आहे, म्हणून मी प्रत्येकीला विचारते. वेडी आहे. पण उद्या उशी नेऊन देईन म्हणते.


३ एप्रिल, गुरुवार. सकाळी

उशी माळ्यावर नाही. लेकीला विचारलं, ती हसली. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, आहे घरातच, रोज वापरतेस. मी म्हटलं, कोडी घालू नका, मला कामाला जायचंय. कपाट, पलंगाखाली, धुण्याची टोपली, सगळं बघितलं. नाही. या घरात एक वस्तू जागेवर सापडत नाही, आणि शोधायला एकटी मीच.

दार अजून उचलते. दार नीट आहे हे डोक्याला कळलंय, हाताला कळलेलं नाही. नवरा म्हणाला, हाताची सवय सुटायला वेळ लागतो. पण गेले काही दिवस गुडघा तेवढा लागत नाही. धुलाईचं गार पाणी मानवलं असेल. उगीच घाबरत होते.


५ एप्रिल, शनिवार. सकाळी ५.४५

उशी सापडली.

मोरीच्या दाराला. आतून, खाली, बरोबर माझ्या गुडघ्याच्या उंचीवर. चार कोपऱ्यांना चार खिळे, निळं कापड, माझी दुहेरी शिवण. गुडघा हाणला, आवाज आला नाही, म्हणून खाली बघितलं.

बाहेर येऊन विचारलं, ही कधी ठोकलीत?

तो बूट घालत होता. वर न बघता म्हणाला, "रविवारी."